उंटांच्या पुढचा माणूस

"या गावात कुणीही विश्वास ठेवणार नाही, पण हद्दू भट्टीवाल्याला शर्यतीत उंटांनी कधीच गाठलं नाही," असं मी म्हटलं, आणि मौलूद न्हाव्याच्या तोंडातला चहा ओठांवरून परत पेल्यात आला.

आम्ही हमामच्या, गावच्या गरम न्हाणीघराच्या, मागच्या बाजूला बसलो होतो. तिथे हद्दूची भट्टी आहे. भिंतीपलीकडे लोक अंग शेकून घेतात आणि अलीकडे हद्दू ऑलिव्हच्या बियांचा चोथा फावड्याने आगीत लोटत राहतो. उभं आयुष्य त्याने हेच केलं आहे. गावातल्या प्रत्येकाच्या पाठीला त्याची ऊब लागली आहे, पण रस्त्यात दिसला तर अर्ध्या लोकांना तो ओळखू येत नाही, कारण अंगावर काजळी नसलेला हद्दू त्यांनी कधी पाहिलेलाच नसतो.

"अद्दी, अरे अल्लाला तरी घाबर," मौलूद दाढी पुसत म्हणाला. "उंटिणीला बघून हद्दू किंचाळला, उंटीण बुजली, तिनं लाथ झाडली, तुझा पाय मोडला आणि ती हद्दूला मागं टाकून पुढं निघून गेली. शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे हे."

"शेंबड्या पोरांनाच ठाऊक आहे. मी तिथे होतो. उंट माझे होते."

"दर वर्षी तू तिथं असतोस आणि दर वर्षी गोष्ट वेगळी असते!"

हद्दू आमच्याकडे पाठ करून फावडं चालवत राहिला. मी गोष्ट मौलूदसाठी सांगतच नव्हतो. माझ्यासमोर हद्दूची मुलगी तूदा बसली होती, सरायीत पाहुण्यांच्या खोल्या आवरते ती. दुसऱ्या दिवशी सकाळी वाळूची शर्यत सुटायची होती आणि या वर्षी तिचं नाव त्यात होतं. पोरीने सकाळपासून भाकरीला हात लावला नव्हता. बुटाची नाडी बांधायची, सोडायची, पुन्हा बांधायची.

"काका," तिने विचारलं, "मागून उंट येतात ते ऐकू येतं का?"

"नाही ना! तीच तर गंमत आहे. उंटाचा तळवा म्हणजे उशी. घंटा नाही, टाप नाही. मानेवर गरम वाफ आली की समजायचं, आले."

"घाबरवू नकोस तिला," हद्दू भट्टीकडे बघतच म्हणाला.

आमच्या शर्यतीची रीत अशी आहे. आठवडाभर रोज एक शर्यत. काल तुम्ही किती पळालात, तुमचे तळवे सोलले की नखं गळाली, याची आजच्या वाळूला पर्वा नसते. जेवण पाठीवर, अंथरूण पाठीवर. आणि सगळ्यांच्या शेवटी दोन उंट घेऊन मी. उंट आपल्या चालीने चालतात. मी त्यांना दामटायचं नाही आणि रोखायचंही नाही. उंट ज्याच्या पुढे गेले त्याची शर्यत तिथेच संपली. छातीवरचा आकडा कापून घेतात, गाडीत बसवतात आणि वर गोड चहा देतात. तो चहा पिताना मी धिप्पाड माणसं रडताना पाहिली आहेत.

आता हद्दूचं आणि उंटांचं सांगायचं तर, लहानपणी रिसानीच्या बाजारात एका उंटाने त्याला केसांना धरून उचललं आणि तसंच तोंडात धरून खजुरांच्या ओळीपासून गाढवांच्या ओळीपर्यंत नेलं. वाटेत दोघांनी हद्दूचा भावही विचारला.

"कान चावला होता," हद्दू म्हणाला. "एवढंच."

"एवढंच, पण बाकीचं आयुष्य त्याच्या पोटात गेलं की नाही?" मी म्हणालो.

कारण तेव्हापासून गावाला खेळ सापडला. हद्दू गल्लीतून निघाला की कुणीतरी घशातून उंटासारखा आवाज काढायचा, आणि हा हातातलं टाकून भिंतीला चिकटायचा. मौलूदला राहवलं नाही, त्याने आत्ताही काढला. ब्ळुऽ ब्ळुऽ ब्ळुऽ! फावडं खणकन फरशीवर पडलं. हद्दूने ते उचललं. मौलूद हसला. तूदा हसली नाही.

"तू शाळेत जायचीस तेव्हा पोरं तुझ्यामागेही तो आवाज काढायची," मी तिला म्हणालो. "आठवतं?"

"आठवतं."

"एक दिवस घरी येऊन तू बापाला विचारलंस, बाबा, तुम्ही खरंच उंटाला घाबरता का? त्याच आठवड्यात त्यानं शर्यतीत नाव दिलं. मला येऊन म्हणाला, अद्दी, उंटांच्या पुढं राहून परत आलो तर गावाचं तोंड बंद होईल. मी म्हटलं, अरे वेड्या, आणि त्यांनी गाठलं तर? तर म्हणाला, तर मग गाव सोडावं लागेल."

तूदाने नाडी सोडून दिली आणि बापाच्या पाठीकडे पाहिलं.

पहिल्या दिवशी बंदुकीचा बार झाला आणि सगळे वाऱ्यावर उधळले. परदेशी बायका, फौजी गडी, एक सत्तरीचा फ्रेंच म्हातारा, सगळे गेले. मागे राहिला हद्दू. भट्टीपाशी उभं राहून पाय बळकट होतात, पण ते उभं राहण्यासाठी. त्याच्या मागे माझी राबहा, लांब मानेची, पिवळ्या दातांची, जगातली सगळ्यात आळशी उंटीण. तिच्या शेपटीला बांधलेला एक तरुण उंट. आणि राबहाच्या पाठीवर मी.

हद्दू चार पावलं पळायचा आणि मागे बघायचा.

"अद्दी, बांधलंय ना तिला?"

"बांधलंय."

"दोरी घट्ट आहे?"

"घट्ट आहे."

"आणि दात?"

"दात कसे बांधू, हद्दू?"

की हा पुन्हा सुसाट! वल्लाह, भीतीसारखं खाद्य नाही. बाकीचे लोक खजूर खाऊन पळत होते, हा राबहाच्या श्वासावर पळत होता. संध्याकाळी तंबूत सगळे पाय धुवायचे, हा मान धुवायचा. सकाळी उठून पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी त्याच्या बुटात रक्त होतं. तिसऱ्या दिवशी बूट नीट बसेनात म्हणून त्याने टाचेची कड कापली. मी म्हटलं, सोड आता, तुझ्याहून मोठे गडी गाडीत बसले. तो म्हणाला, त्यांच्या मागे शाळेत पोरं आवाज काढत नाहीत.

मग तो लांबपल्ल्याचा दिवस आला.

दुपार कलली आणि आभाळ विटेच्या रंगाचं झालं. राबहाने मान खाली घातली. वारा आला तो असा, की माझ्या डाव्या गालावरची दाढी उजव्या गालावर गेली. मी खजूर खात होतो, तोंडापर्यंत नेईस्तोवर त्याची नुसती बी उरली, आणि तीही पॉलिश केलेली. रिसानीत एक गाढव ओरडलं ते वाऱ्याने उचलून आमच्या कानात आणून टाकलं...

"गाढव इथंच ओरडतंय," मौलूद म्हणाला.

"ऐकायचं असेल तर ऐक, नाहीतर जा आणि कुणाची तरी दाढी काप."

"काका, सांगा," तूदा म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "मग?"

तेव्हा मी थट्टा बाजूला ठेवली. कारण त्या वादळाची थट्टा माझ्यानेही होत नाही. आधी दूरच्या टेकड्या गेल्या. मग वाटेवर रोवलेल्या खुणेच्या काठ्या गेल्या. मग राबहाचं तोंड दिसेना, नुसती मान दिसत होती आणि ती धुरात शिरावी तशी वाळूत शिरत होती. आवाज म्हणाल तर एकच, भरलेल्या पोत्यावर कुणी पोतं ओढावं तसा, चारी बाजूंनी. डोळा उघडला की वाळू, तोंड उघडलं की वाळू. अशा वेळी माणूस शंभर पावलांवर मरतो आणि आठ दिवसांनी सापडतो. आमच्यात अशी माणसं गमावलेली घरं आहेत. कुणाची ते मी सांगत नाही.

पुढे हद्दूच्या पाठीवरची पिशवी तेवढी दिसत होती. मधूनच दिसायची, मधूनच नाही. तो रडत होता. पळत होता आणि रडत होता. वारा त्याचं रडणं मागे माझ्यापर्यंत आणत होता.

"उंटांना घाबरून?" तूदाने विचारलं.

"तेव्हा उंटांना नव्हे, पोरी. तेव्हा उंट दिसत नव्हते म्हणून. तीन दिवस ज्याच्यापासून पळाला, तेच मागे आहे की नाही ते कळेना. उंट मागे असेपर्यंत माणूस वाटेवर असतो. उंट नाहीत, म्हणजे कुणीच नाही."

हद्दूचं फावडं जरा हळू झालं.

"आणि नेमका तेव्हा," मी पुढे म्हणालो, "मागून एक आरोळी आली."

"कुणाची?"

"माझीच. म्हणजे घाबरून नव्हे! मी राबहाच्या पाठीवर खडकासारखा बसलो होतो. तिला जरा हाक दिली, इतकंच. पण वाऱ्यात ती हाक अशी काही वाकडी झाली, की ऐकणाऱ्याला वाटावं कुणी जिवानिशी चाललंय."

"मग बाबांनी काय केलं?"

"तेच तर सांगतोय, तेच खरं मर्म आहे. त्यानं मागं वळून पाहिलंच नाही! आयुष्यभर मागं बघत आलेला माणूस, त्या एका क्षणाला वळला नाही. नाक समोर धरलं आणि सुटला. टेकाडावरून उडी, घळीतून उडी. वादळ फाटलं, समोर शिबिर, आणि हा रेषेच्या पलीकडे. उंट अजून कुठल्या कुठे मागे होते."

"मग आकडा का कापला त्याचा?" मौलूदने विचारलं.

"पंचाच्या डोळ्यांत ओंजळभर वाळू होती. त्याला उंट आधी दिसला."

"आणि तुझा पाय?"

"तो संध्याकाळी नाचताना मोडला. आनंदानं. हद्दू जिंकला म्हणून."

मौलूदने कपाळावर हात मारला. "आणि इतकी वर्षं हा जिंकलेला माणूस आमची टिंगल गप्प ऐकून घेतोय?"

"सभ्य माणूस आहे. तुला नाही समजायचं."

तूदा मात्र हसत नव्हती. खाली वाकून ती पुन्हा नाडी बांधत होती, आणि या वेळी मारलेली गाठ तिने सोडली नाही. "म्हणजे काहीही ऐकू आलं तरी मागं वळायचं नाही," ती स्वतःशीच म्हणाली. "कुणी ओरडलं तरी नाही. उद्या मी तेच करीन."

"शाब्बास!" मी म्हणालो. "बापासारखी—"

"खोटं."

फावडं थांबलं होतं. हद्दू आमच्याकडे वळून उभा होता. भट्टीचं तोंड त्याच्या मागे उघडंच होतं.

"अरे, गोष्ट आहे," मी म्हटलं. "पोरीला जरा धीर—"

"खोटं बोलतोस तू, अद्दी. तूदा, मी मागं वळलो होतो."

मौलूद हसायला लागला आणि एकट्यालाच हसू येतंय हे लक्षात येऊन थांबला.

"हा राबहावरून पडला होता. टेकाडाच्या उताराखाली," हद्दू म्हणाला. "पाय गुडघ्याखाली भलतीकडेच वळला होता. आईला हाका मारत होता."

"मग ती लाथ?" मौलूदने विचारलं. "बुजलेली उंटीण?"

"ते मी सांगितलं शिबिरात. उंटावरून पडलेल्या उंटवाल्याला पुन्हा कोण काम देतं?"

माझ्या हातातला चहा गार झाला होता. मी पेला खाली ठेवला, पण जागा चुकली आणि तो कलंडला. कुणी तिकडे पाहिलं नाही.

"आणि राबहा?" तूदाने विचारलं. "तिला कुणी धरलं?"

"मी."

"हातानं?"

"मग कशानं? दोरी खाली ओढली, बसवली तिला. माझे दात वाजत होते. तिचं तोंड इथं, माझ्या कानापाशी. ह्याला वर टाकला, माझ्या फेट्यानं बांधला आणि दोरी धरून पुढं चालायला लागलो."

"पुढं?" ती उठून उभी राहिली. "म्हणजे तुम्ही पुढं होतात! उंट मागंच होते की, बाबा!"

"रेषेपर्यंत."

हद्दूने फावडं भिंतीला टेकवून ठेवलं.

"रेषेवर प्रत्येक माणसाला थांबवतात. आकडा बघतात, पिशवी उघडून तपासतात. उंटाला कुणी अडवत नाही. डॉक्टरांचा तंबू पलीकडं होता आणि हा हाका मारायचाही थांबला होता. म्हणून मी दोरी सोडली आणि राबहाच्या पुठ्ठ्यावर थाप मारली. ती आत गेली. मग तिच्यामागून मी गेलो."