चिक्कीखालची शिट्टी

मी शिट्टी बोलतेय. आणि आज सकाळी मला सगळ्यात आधी खटकला तो रिबिनीचा काठ.

करवंदीच्या जाळीवर लाल रिबीन बांधलेली होती. आम्ही वाट चुकू नये म्हणून बुद्धभूषण सरांनी आदल्या दिवशी डोंगरभर अशाच लाल रिबिनी बांधून ठेवल्या होत्या. पण या रिबिनीला जरीचा बारीक काठ होता. ऊन पडलं तसा तो चमकला. विद्याश्रीनंही तो पाहिला असणार. कारण तिच्या छातीत एकदम धडधडलं, आणि मी तिच्या पळायच्या सॅकच्या पुढच्या जाळीदार कप्प्यात राहते, त्यामुळे तिथली कुठलीही बातमी मला सगळ्यांच्या आधी कळते.

"दीप्ते, ह्या रिबिनीला काठ हाय बघ," ती म्हणाली.

"मग?" दीप्ती न थांबता म्हणाली. "सरांची रिबीन संपली असंल. वहिनींची साडी फाडली असंल. चल की, अंग गार पडायच्या आधी."

हे पटण्यासारखंच होतं. सर शाळेत विज्ञान शिकवतात आणि आमचा पळणाऱ्यांचा गट चालवतात, पण नवी वस्तू विकत घ्यायची म्हटली की त्यांचा चेहरा उतरतो. मागच्या सरावाला त्यांनी शाळेच्या संमेलनाचा जुना कापडी फलक फाडून पट्ट्या बांधल्या होत्या. एका झुडपावर 'हार्दिक' सापडलं आणि पार पुढच्या खिंडीत 'स्वागत'. तेव्हा वहिनींची साडी काही लांबची गोष्ट नव्हती. दोघी हसल्या आणि काठाच्या मागं डावीकडं वळल्या.

पुढं काय झालं ते सांगतेच. पण मी कोण, आणि चिक्कीच्या पुडीखाली कशी येऊन पडले, ते आधी ऐका. नाहीतर तुम्हाला माझी भीती कळायची नाही.

माझा जन्म साच्यातला. गरम केशरी प्लास्टिक दाबलं, खट्कन साचा उघडला आणि मी टोपलीत पडले. माझ्या पोटात गोळी नाही, त्यामुळे पावसात भिजले तरी माझा आवाज बसत नाही. टोपलीतून उचलून कुणीतरी मला वाजते का म्हणून फुंकून पाहिलं, आणि स्वतःच्याच आवाजानं मी एवढी दचकले की तो दचका अजून अंगातून गेलेला नाही.

कोल्हापुरात मी खेळाच्या सामानाच्या दुकानात पुठ्ठ्यावर टांगलेली होते. तिथून मला नेलं यशराजनं. हा विद्याश्रीचा चुलतभाऊ, पोरांच्या फुटबॉल सामन्यांत पंच. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय असतं, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. मी वाजले की निम्मं मैदान खूश आणि निम्मं मैदान माझ्या जिवावर उठलेलं. "ए पंच, चष्मा लाव की." "काय पावणं, घरी जायचं हाय नव्हं आज?" यशराज हसून पुढं पळायचा. त्याला त्याचं काही नसायचं. मी मात्र त्याच्या दातांत आक्रसून जायची. वाजायचं म्हणजे शिव्या खायच्या, एवढीच माझी शाळा झाली.

मग यशराजला पुण्यात नोकरी लागली. जाताना त्यानं मला घरातल्या एका खणात टाकलं. शेजारी वाळलेली पेनं, संपलेले सेल आणि कुठल्याही कुलपाला न लागणारी एक किल्ली. कुणी बोलत नव्हतं, कुणी फुंकत नव्हतं. खोटं कशाला बोलू, मला तिथं बरं वाटलं.

एके दिवशी खण उघडला आणि आत विद्याश्रीचा हात आला.

ही पोरगी राजारामपुरीतल्या एका क्लासमध्ये अकौंट्स शिकवते. एम.कॉम. झालेली, हुशार, पण मांजरानं भांडं पाडलं तरी जागच्या जागी उडी मारते. फोन वाजला की आधी दचकते, मग उचलते. ती पळायला लागली तीही भीतीनंच. दीप्तीबरोबर रंकाळ्यावर चालायला जायची. एका सकाळी कुत्रं मागं लागलं म्हणून सुटली, ती थेट पुरी फेरी मारूनच थांबली. कुत्रं केव्हाच मागं राहिलं होतं, आणि हिला धाप लागायच्या ऐवजी हसू येत होतं.

"बया, तू पळतीस की गं," दीप्ती म्हणाली होती. ही गोष्ट दीप्ती अजून भेटेल त्याला सांगते.

दीप्ती तिच्याच गल्लीतली, कॉलेजपासूनची मैत्रीण, दातांच्या दवाखान्यात कामाला. तिला भीती कशाचीच नाही. तिनंच दोघींची नावं डोंगर मॅरेथॉनला घातली. पन्हाळ्यापलीकडच्या पठारावरून पळायचं, चढ-उतार, दगड, ओढे, सगळं. आणि नियमच होता, की प्रत्येकाजवळ पाणी, बँडेज आणि शिट्टी पाहिजे. म्हणून तो खण उघडला.

विद्याश्रीच्या अव्वांनी, म्हणजे आईनं, मला आधी भांड्याच्या साबणानं घासलं. "कुणाकुणाच्या तोंडात गेलीय काय म्हाईत," म्हणाल्या. मग मी सॅकच्या पट्ट्याला लटकले, आणि माझं नशीब पळायला लागलं.

काय दिवस होते ते. पहाटे कात्यायनीचा चढ. रविवारी जोतिबाचा डोंगर. सर सांगायचे, "चढाला चाला, सपाटीला पळा आणि उताराला पावलं बारीक टाका, नाहीतर दगड तुमचा गुडघा ठेवून घेईल." विद्याश्री मान हलवायची आणि उताराला असा जीव मुठीत घेऊन यायची, की माझाही जीव तिच्या मुठीत. पण एका रविवारी तिची पावलं आपोआप बारीक पडायला लागली. टक टक टक, या दगडावरून त्या दगडावर. वारा माझ्या तोंडात शिरून मी आपसूक गुणगुणायला लागले. खाली पोचल्यावर ती मागं वळून डोंगराकडं बघत राहिली. "मी आले तिथनं?" तिनं दीप्तीला विचारलं. "नाही, तुला हेलिकॉप्टरनं आणलं," दीप्ती म्हणाली.

आठवडाभर डोंगर मिळायचा नाही. मग सॅकमध्ये ज्वारीच्या पिठाची पिशवी घालून ती क्लासच्या इमारतीचा जिना चढायची, उतरायची, पुन्हा चढायची. खालच्या मजल्यावरचे काका रोज विचारायचे, "लिफ्ट बंद हाय व्हय?" आणि ती रोज दचकून "नाही काका" म्हणायची. घरी नाचणीची आंबील पोटात जायला लागली. अव्वा बघत राहायच्या आणि म्हणायच्या, "एवढी भूक कुठं ठेवली होतीस गं?" ती हसायची. या पोरीला असं हसताना मी याआधी पाहिलं नव्हतं. शर्यत जवळ येईल तसं तिला रात्री झोप लागेना, पण भीतीनं नाही. भीतीची झोपमोड मी ओळखते. ही वेगळी होती.

आणि मग ते तित्तर उडालं.

जोतिबाच्याच वाटेवर, तिच्या अगदी पायातून, फडफड करत. तिनं दचकून मला तोंडात घातलं आणि जीव खाऊन फुंकलं. पुढं गेलेले बुद्धभूषण सर अर्धा डोंगर परत पळत आले. मागनं अख्खा गट.

"कोण पडलं?"

"तित्तर, सर," विद्याश्री म्हणाली.

गट हसला, तो महिनाभर हसत होता. "काय शिट्टीबाई, आज चिमणी दिसली का?" हे आदर्शचं. तो गटातला सगळ्यात पुढं पळणारा, त्यामुळे त्याचं बोलणं सगळ्यांना ऐकू जायचं. सर रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "लागोपाठ तीनदा वाजवली तर संकट समजतात. उगीच वाजवू नका." त्या 'उगीच'नं तिचा चेहरा पडला. घरी जाऊन तिनं मला पट्ट्यावरून सोडवलं, पुढच्या कप्प्यात अगदी तळाशी ठेवलं आणि वर शेंगदाण्याच्या चिक्कीची पुडी ठेवली.

मी काही रुसले नाही. आम्ही दोघी एकाच मातीच्या. हाक मारली की लोक चिडतात, हे आम्हाला दोघींनाही पाठ झालेलं.

तर आता त्या काठाच्या रिबिनीकडं चला. शर्यतीआधीचा तो शेवटचा मोठा सराव. बाकीचा गट पुढं गेलेला, सर पठाराच्या पलीकडच्या टोकाला टेम्पोजवळ पाणी घेऊन थांबलेले. आमच्या दोघी डावीकडच्या उतारानं मजेत निघाल्या. दुसरी लाल चिंधी आली, तिसरी आली. मग पिवळी आली. मग एक हिरवी, फुलाफुलांची. आणि मग ऊस. उसाच्या रानाभोवती तारेला अख्ख्या साड्या बांधलेल्या, वाऱ्यानं फुगलेल्या.

रानडुकरं आणि गवे पिकात शिरू नयेत म्हणून इकडचे शेतकरी अशा जुन्या साड्या बांधतात. कापड हललं की जनावराला वाटतं, माणूस उभा आहे. जनावरं फसतात का ठाऊक नाही. आम्ही फसलो.

दीप्ती पोट धरून हसली. "वहिनींकडं एवढ्या साड्या असत्या तर सर रडत बसले असते," म्हणाली. "चल, हितनं बांधावरनं खाली उडी मारू, वाट घावंल." आणि विद्याश्री "थांब" म्हणेपर्यंत तिनं उडी मारली.

जांभा दगड निसटला. मला आवाज आला, ओली फांदी पिळल्यासारखा. दीप्ती बसली ती उठलीच नाही. तिचा घोटा बघता बघता फुगला, आणि जिला कधी गप्प बसलेली पाहिलं नाही ती दीप्ती गप्प झाली. हे मला घोट्यापेक्षा भयंकर वाटलं.

विद्याश्रीनं बँडेज बांधलं. पट्टी घट्ट बसली. दीप्तीनं तिच्या खांद्यावर हात टाकून उठायचा प्रयत्न केला आणि पांढरीफटक होऊन परत खाली बसली. फोनला रेंज नव्हती. पाणी तळाला गेलेलं. ऊन चढत होतं.

"मोडलंय वाटतं," दीप्ती म्हणाली. "तू पळ. सरांना घेऊन ये. मी हितंच बसतो."

विद्याश्री उठली. चार पावलं वर गेली. तेवढ्यात उसात खसखस झाली. काहीतरी जड अंग पाचटातून सरकलं आणि थांबलं.

"गवा," दीप्ती कुजबुजली.

विद्याश्रीचं काळीज माझ्या भिंतीवर आपटत होतं. तिचे पाय आता असे तयार झालेले, की तिनं ठरवलं असतं तर ती पठारावर पोचेपर्यंत थांबली नसती. एक क्षण मला वाटलं, ही सुटणार. पण वाट तिला माहीत नव्हती, आणि दीप्तीला जागचं हलता येत नव्हतं. ती परत फिरली. खाली आली आणि दीप्तीच्या आणि उसाच्या मधे उभी राहिली. मग तिचा हात कप्प्यात शिरला. चिक्कीची पुडी जमिनीवर पडली.

"नको वाजवू," दीप्ती म्हणाली. "बुजून अंगावर आला म्हणजे?"

"आणि कुणालाच कळलं नाही म्हणजे?" विद्याश्री म्हणाली.

पहिली फुंक वायाच गेली. ओठ कोरडे, आवाज नुसता फुर्र. मलाच लाज वाटली. दुसरी मात्र लागली. एक, दोन, तीन. थांबली. उसात सळसळ झाली, पण पुढं कुणी आलं नाही. पठारावरूनही कुणी आलं नाही. पुन्हा तीनदा. पुन्हा कुणी नाही.

"त्यांना वाटलं असंल, तुला परत तित्तर दिसलं," दीप्ती म्हणाली. हसायला गेली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

विद्याश्रीनं तिच्या डोक्यावर एक हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं मला पुन्हा ओठांत धरलं.

आणि आत्ता मी तिथंच आहे. ती वाजवते, थांबते, कान देते, पुन्हा वाजवते. एवढे महिने चढांवर आणि जिन्यांवर कमावलेला सगळा दम माझ्यात येतोय. असा दम मला आजवर कुणी दिला नव्हता. माझ्या केशरी अंगाला कंप सुटलाय, तोंड ओलं झालंय, आणि मला दचकायला सवडच नाही. पलीकडच्या डोंगरावर जाऊन माझा आवाज परत येतो आणि मला कळतं, मी एवढी मोठी आहे.

डोंगरात पळणाऱ्यांनो, तुमच्या सॅकमध्ये माझी एखादी बहीण असेल. तिला खाऊखाली पुरू नका. ती चुकून वाजली आणि लोक हसले, तर हसू द्या. आणि तुम्ही ऐकणाऱ्यांनो, तुमच्या कानावर अशी तीनदा—

ठण्.

विद्याश्रीनं मला ओठांतून काढलं. खालून, उसाच्या पार पलीकडून, पत्र्याचा डबा वाजला. ठण् ठण् ठण्. कुणीतरी काठीनं बडवत होतं. इकडं एकानं जनावर हाकलायला आवाज केला की शेजारचं रान साथीला डबा वाजवतं. उसातली सळसळ हलली, लांब गेली, ओढ्याकडं उतरून विरली.

विद्याश्रीनं दीप्तीचा हात घट्ट धरला आणि पुन्हा माझ्यात फुंकलं. तीनदा.

डबा थांबला. एका बाईचा खणखणीत आवाज चढ चढत वर आला.

"आलो गं बाय, आलो. वाजवत ऱ्हा तू. वाजवत ऱ्हा."