मशीनची जागा

आईचं जवळजवळ सगळं विसरून झालं होतं, पण संडासला मात्र ती कुणाचा हात न धरता जायची. खाटेवरून उठायची, वाटेतल्या शिलाई मशीनवर तळवा टेकायची, तिथून दाराची चौकट. आयुष्यभर लोकांचे कपडे शिवलेल्या त्या बाईकडे अभिमान म्हणावा असं तेवढंच उरलं होतं, आणि ते तरी टिकावं म्हणून लेकीचा जीव तुटायचा. घरात दोघीच होत्या.

संध्याकाळ झाली की आई घर डोक्यावर घ्यायची. गिऱ्हाईक खोळंबलंय, दार उघडा, म्हणून आरडाओरडा. शेजारी कुरकुरायला लागले. डॉक्टरांनी शांत करणारी गोळी लिहून दिली आणि लेकीचा जीव भांड्यात पडला. अशी शांतता फुकट मिळत नसते, हे तिला लवकरच कळलं. आई दिवसाही पेंगायची, लेकीला परकी समजून 'बाई' म्हणायची, उठताना झोकांड्या खायची. लेकीने दवाखान्यात फोन केला, तर डॉक्टर गावाला गेलेले. कंपाउंडर म्हणाला, गोळी मनाने बंद करू नका, ते आले की बघतील. तोवर पायात येईल असं सामान वाटेतून काढा.

लेक सांगितलेलं काम जरा जास्तच मन लावून करणारी. पायपुसणी गेली, स्टूल गेलं. पायडलला आई अडखळेल म्हणून शेजाऱ्याला हाताशी घेऊन तिने मशीनही गॅलरीत नेलं. मोकळी वाट बघून तिला बरं वाटलं.

दुपारी ती गॅलरीत कपडे वाळत घालत असताना आई उठली. लेकीने खिडकीतून पाहिलं. आईने नेहमीसारखा, न बघता, मशीनवर हात टाकला. हाताखाली काहीच नव्हतं.

खुब्याचं हाड मोडलं. हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी ती गोळी बंद केली. तिच्यामुळेच तोल जात होता म्हणाले. आई पुन्हा चालेल का, असं लेकीने विचारलं, तेव्हा त्यांनी आशा धरू नका म्हणून सांगितलं.

हळूहळू आईचे डोळे निवळले. एका सकाळी तिने लेकीला ओळखलं, गालावरून हात फिरवला. लेकीला रडूच फुटलं.

"छोटे, माझं मशीन कुणी हलवलं गं?"

"मी हलवलं, आई."

"अगं, मला विचारायचंस तरी," आई म्हणाली आणि तिने डोळे मिटले. उघडले तेव्हा झालेलं बोलणं ती विसरून गेली होती.

"छोटे, माझं मशीन कुणी हलवलं गं?"

लेकीने तिचा हात हातात घेतला आणि पुन्हा सांगितलं.