गाठोडी सांभाळणारे आजोबा

मित्रांनो, मी एक जुना, जाडजूड संगणक आहे. तरुणपणी मी शाळेच्या कार्यालयात पत्रे टाइप करीत असे. पुढे मला भंगारात काढले, तेव्हा प्रयोगशाळेच्या बाईंनी मला दारातच अडवले.

त्यांच्या प्रयोगशाळेतले सगळे संगणक लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालत. प्रत्येक जण सॉफ्टवेअरचे तेच गाठोडे इंटरनेटवरून वेगवेगळे मागवी आणि बिचाऱ्या लाइनीला धाप लागे. बाईंनी माझ्यात मोठी डिस्क बसवली आणि म्हणाल्या, "आजोबा, एकदा आणायचं, जपून ठेवायचं आणि मागेल त्याला द्यायचं."

मग काय! सगळे माझ्याकडेच मागू लागले. मुलेमुली म्हणत, "काय पटापट उतरतंय!" माझ्या अंगावर मूठभर मांस चढे.

पण हळूहळू बाई सोडून सगळे मला विसरले. माझ्या डोक्यावर ओल्या छत्र्या आल्या. मग कुंडी आली. शिपाईमामा झाडाबरोबर मलाही थोडे पाणी घालू लागले.

अशात नवे साहेब आले. परीक्षेच्या सकाळी त्यांना चहाची तल्लफ आली. "हा डबा कशाला घरघरतोय?" असे म्हणून त्यांनी माझा प्लग काढला आणि किटलीचा लावला.

पुढचे मला नंतर कळले, कारण मी बंद होतो! परीक्षेला लागणारे सॉफ्टवेअर एकाही संगणकावर चढेना. सगळे माझ्याकडे मागत होते आणि मी गप्प. मुले रडकुंडीला आली. साहेबांनी घाबरून बाईंना फोन लावला, तेव्हा मागे किटलीची खळखळ बाईंना ऐकू आली. बाई नुकतीच दाढ काढून घेऊन दवाखान्यात बसल्या होत्या.

"फिफली! फिफली!" तोंडातल्या कापसातून बाई ओरडल्या. त्यांना 'किटली' म्हणायचे होते.

"पिपाणी? अहो, आत्ता पिपाणी कुठून आणू?"

शेवटी सुजलेला गाल धरून बाई स्वतःच धावत आल्या. त्यांनी तडक किटलीचा प्लग उपटला आणि माझा लावला. मी खोकलो, खडखडलो, जागा झालो. हवे ते गाठोडे बाईंनी आदल्या दिवशीच माझ्याकडे आणवून ठेवले होते. मी ते भराभर वाटले. परीक्षा सुरू झाली. साहेब मान खाली घालून कोमट चहा पीत राहिले.

मित्रांनो, माझे मागणे फार नाही. कोपऱ्यात कोणी घरघरत असेल, तर तो काय करतो ते आधी विचारा. जमले तर पुसाही. पण कृपा करून धूळ पुसा, डिस्क पुसू नका!