बिल्ल्याशिवाय दिवा

खाणीच्या दिवेखोलीत दिवेवालीच्या शब्दापुढे कोणाचं काही चालत नसे. खाली उतरणाऱ्याने आपला पितळी बिल्ला खिडकीतून आत द्यायचा, तिने तो फळीवरच्या खिळ्याला अडकवायचा आणि मगच डोक्याला लावायचा दिवा त्याच्या हातात ठेवायचा. वर आला की दिवा परत, बिल्ला परत. फळीवर जितके बिल्ले, तितकी माणसं जमिनीखाली. एकदा बिल्ला विसरलेल्या मोठ्या साहेबालाही तिने हात जोडून माघारी धाडलं होतं. साहेब चार दिवस धुसफुसत होता, हिने ढुंकूनही पाहिलं नाही.

आणि त्या सकाळी पोटच्या पोरासाठी हिनेच नियम मोडला.

पोरगा धापा टाकत आला. बिल्ला कालच्या सदऱ्याच्या खिशात राहिला होता. घरी जाऊन यायचं तर उशीर, आणि आणखी एक उशीर झाला की कामावरून काढीन, असं मुकादमाने त्याला बजावलेलं.

"आई, दे ना गं. कोण बघतंय?"

"चोवीस वर्षांचा घोडा झालास, अजून तुझे खिसे मीच तपासायचे का?" ती करवादली, आणि दिवा दिला.

दहाच्या सुमारास पायाखालची फरशी हादरली. पूर्वेच्या बोगद्याचं छत कोसळलं होतं. पोरगा तिथेच होता. सहा वर्षांपूर्वी त्याच बोगद्यात तिचा नवरा गेला होता. त्याला वर काढताच आलं नव्हतं.

फळीवर पूर्वेच्या बोगद्याच्या रांगेत सात बिल्ले होते. एकेक माणूस वर येऊ लागला. दिवेवाली दारात उभी राहून प्रत्येक स्ट्रेचरकडे बघे. हा असेल. नाही, पुढचा असेल. तो आला की चूक झाकली जाईल आणि दोघांची नोकरी वाचेल, म्हणून ती मूग गिळून बसली. दोन वाजेपर्यंत सातही जण वर आले, त्यांतल्या दोघांची तोंडं झाकलेली होती.

साहेबाने फळी पाहिली. "सगळे आले. आत वायू साठतोय. बोगद्याचं तोंड बंद करा."

"आणखी एक आहे," ती म्हणाली.

"फळीवर नाही."

"फळीवर नाही, पण खाली आहे. मी बिल्ल्याशिवाय दिवा दिला. माझा मुलगा आहे, साहेब."

"मग चार तास तोंड शिवलं होतं का तुमचं?"

तिला धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं वाटलं असतं.

बचाव पथकाचा म्होरक्या म्हणजे तिच्या नणंदेचा नवरा. मयताच्या घरीसुद्धा माणसांना हसवून येईल असा थट्टेखोर गडी. तो नुकताच वर येऊन तोंड धूत होता. ओल्या तोंडानेच खिडकीशी आला आणि आपला बिल्ला तिच्यासमोर ठेवला.

"दिवा द्या, वहिनी. तुमच्या लाडक्याला कान धरून आणतो. पण पहिली थोबाडीत मी देणार, हे आत्ताच सांगून ठेवतो."

एक जोडीदार घेऊन तो उतरला. साहेबाने त्यांना एक तास दिला.

नणंद त्याच खोलीत दिवे पुसायच्या कामाला होती. तिने हातातलं फडकं ठेवलं, भावजयीला हाताला धरून खाली ओढलं आणि दोघी फरशीवर गुडघ्यांवर बसल्या. "प्रभो," नणंद म्हणाली, शेजारणीशी बोलावं तितक्या साधेपणाने, "माझा भाऊ तू तिथेच ठेवून घेतलास. आता भाच्याला तरी दे. आणि माझ्या माणसाला सांभाळ."

दिवेवालीला असं मागता येईना. नवरा गेल्यापासून ती दर रविवारी चर्चमध्ये जाई, पण देवाशी तिचं बोलणं रुसलेल्या माणसाशी असतं तेवढंच उरलं होतं. आज मात्र मनातून आलं ते असं आलं: माझ्या पोराला सोड, त्याच्याबदली दुसरं कोणीही ने. आपण काय मागितलं ते तिला कळलं. पण तिने शब्द मागे घेतले नाहीत. खरं सांगायचं तर तिने तेच पुन्हा मागितलं.

पन्नास मिनिटांनी माणसं वर-खाली नेणारा लोखंडी पाळणा वर आला. त्यात जोडीदार होता आणि पोरगा होता. पोराचा पाय चेचला गेला होता, पण श्वास चालू होता. जोडीदार नणंदेकडे बघेना.

"त्यांनी आधी याला माझ्याकडे ढकललं," तो म्हणाला. "मग वरचं सगळंच खाली आलं. मी हाका मारल्या, ताई. खूप मारल्या."

वायू मोजून साहेबाने मान हलवली. आता कोणालाही खाली सोडता येत नव्हतं.

पोराला रुग्णवाहिकेत चढवलं. "जा त्याच्याबरोबर," नणंद म्हणाली. दिवेवाली दारातच थांबली.

"मी मागितलं होतं," तिने सांगून टाकलं. "पोराच्या बदली कोणालाही ने, असं मागितलं मी."

नणंदेने भिंतीकडे तोंड फिरवलं. "आत्ता माझ्यासमोर येऊ नकोस," ती म्हणाली. मग तोंड न वळवताच, "तुझ्या मागण्याने छत पडत नाही, वहिनी. पडत असेल, तर असला देव मला नको."

असं म्हणून ती पुन्हा गुडघ्यांवर बसली.

"नको म्हणतेस, आणि बसतेस?"

"मग कुठे जाऊ? त्याला जाब विचारायचा तरी इथेच बसावं लागेल. दुसरं दार ठाऊक आहे का तुला?" तिने दिवेवालीचा हात धरला. "तू बोल. आज मला जमत नाही."

रुग्णवाहिका निघून गेली. दिवेवाली तिच्या शेजारी बसली.

"प्रभो," ती म्हणाली. पुढे काही सुचेना. मागायला तिला तोंडच राहिलं नव्हतं. तिने पुन्हा "प्रभो" म्हटलं. नणंदेने तिचा हात इतका आवळला होता की बोटं दुखत होती, आणि बाहेर बोगदा बुजवायला आणलेल्या वाळूचा पहिला ट्रक रिकामा होत होता.