लवंगेच्या वासाची तलवार

सुभद्राचं दळण संपत आलं की पुढच्या खोलीतून लवंगेचा वास यायचा. रोज यायचा. थंडीत आला, उन्हाळ्यात आला, पावसाळाभर ओल्या मातीत मिसळून आला. पहिले आठ दिवस ती काही बोलली नाही. नवव्या दिवशी तिनं बाभळीची साल कुटली, तुरटीचा खडा टाकून पाणी उकळलं आणि तांब्या नवऱ्याच्या हातात दिला.

"साहेबाले द्या. गुळण्या करा म्हना. रोज लवंगेचं तेल लावते बिचारा. दात लय दुखत असन."

शालिकरामनं तांब्या नेऊन दिला. ओकाबे साहेबानं तो दोन्ही हातांनी घेतला, कमरेतून वाकला, आणि काही न विचारता गुळण्या केल्या. दात त्याचे खणखणीत होते. तेल होतं ते तलवारीचं.

अमरावतीच्या कापूस बाजारात जपानी खरेदीदार येऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. त्यांचे बाकीचे लोक कॅम्पात बंगल्यात राहायचे. ओकाबेनं मात्र बडनेऱ्याच्या रस्त्यावरचा शालिकराम माळ्याचा मळा शोधून काढला. विहिरीमागं झेंडूचे ढीग पडायचे ती चोपलेली, सारवलेली जागा त्यानं पाहिली, पायानं दाबून पाहिली, आणि तिथल्या तिथं पुढच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. चाळिशीचा माणूस. दिवसभर बाजारात रुमालाखाली बोटं धरून कापसाचा भाव करायचा. भिंतीवर डिप्टी कमिशनरच्या सहीचा तलवारीचा परवाना काच लावून टांगलेला, आणि त्याखाली लाकडी घोडीवर ती तलवार.

उजाडायच्या सुमारास तो काळा घेरदार पायजमा घालून विहिरीमागं यायचा. ("बाप्या मानूस, अन् घागरा घालते," म्हणून सुभद्रानं पहिल्या दिवशी तोंडाला पदर लावला होता.) गुडघे मोडून बसायचा. तलवार समोर ठेवून तिला नमस्कार करायचा. मग किती तरी वेळ काहीच नाही. आणि एकदम पातं बाहेर आलेलं असायचं. ते निघताना कोणी पाहिलं म्हणेल तर खोटं. बाहेर यायला जितका वेळ नाही, त्याच्या वीसपट वेळ आत जायला. पातं म्यानात ठेवताना तो असा ठेवायचा, जसं झोपलेलं लेकरू मांडीवरून खाली ठेवावं.

जात्यावर सुभद्रानं त्याच्यावर ओवी बांधली होती:

पाहुना उगवतीचा, कापते गं वाऱ्याले
दुखते का दात त्याचा, पुसू मी कोनाले

पुढं दसऱ्याच्या सुमारास खरं कळलं, तरी तिनं ओवी बदलली नाही. "चाल जमली हाय," म्हणायची.

शालिकराम रोज मोटेचे बैल चालतात त्या धावेवर बसून पाहायचा. त्याला एकच कोडं होतं. हा माणूस दहा महिने रोज तलवार काढतो, आणि कापत काहीच नाही. कणीस नाही, काडी नाही. नुसता वारा.

हे कोडं त्याला जरा जास्तच छळायचं, त्याला कारण होतं. वेशीजवळच्या आखाड्यात वीस वर्षं दांडपट्टा शालिकरामच्या हातात होता. दर दसऱ्याला, सोनं लुटायच्या आधी, मैदानात तो पट्टा फिरवायचा, आणि शेवटी धाकट्या भावाच्या, गोवर्धनच्या, उघड्या तळहातावरचं लिंबू एका वारात दोन करायचा. मागच्या दसऱ्याला लिंबू दोन झालं, आणि गोवर्धनचा तळहातही फाटला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तेव्हापासून मिटत नव्हती. हार गुंफणारा माणूस तो. फुलं त्या दोन बोटांतून निसटून पडायची.

"मुठीत राग धरता येत नाही आता," गोवर्धन म्हणायचा, "तेवढाच फायदा."

शालिकराम हसायचा नाही. पट्टा त्यानं आढ्याला खोचला होता.

नवरात्र बसलं तसे आखाड्याचे वस्ताद खुशालराव मळ्यात आले. बसले नाहीत, उभ्यानंच बोलले.

"शालिकराम, यंदा लिंबू तू कापतं का नाही, एवढंच सांग. नाही म्हनशीन तं पट्टा जानरावले देतो. मंग तो त्याचाच. मागून रडायचं नाही."

"जानराव चांगला हाय," शालिकराम म्हणाला.

"हात माझा हाय वस्ताद," गोवर्धन हार गुंफता गुंफता म्हणाला. "अन् मी तो दादाच्याच पट्ट्याखाली ठेवीन."

"तुले कोनी इचारलं?"

"हाताले इचारलं. तो हो म्हने."

खुशालराव जायला वळले. "दसऱ्याच्या दुपारपर्यंत सांगजो," म्हणाले आणि गेले.

त्या दिवशी शालिकरामनं पट्टा आढ्यावरून काढला. हातात घातला. मळ्याच्या बांधावर एक लिंबू ठेवलं. वार केला. लिंबाच्या दोन फाका बांधाच्या दोन बाजूंना पडल्या, मातीवर ओरखडाही नाही. असं त्यानं सात वेळा केलं. सातही वेळा बरोबर. मग चूक होती कुठं? हात बरोबर, डोळा बरोबर, लिंबू बरोबर, आणि भावाची दोन बोटं तरी उघडीच. त्याला हेच कळेना. जे कळत नाही त्याच्याखाली भावाचा हात कसा ठेवायचा?

खंडेनवमी आली. झेंडूचा दिवस. दोघे भाऊ पहाटेच छकडा भरून बाजारात गेले. ओकाबेही लवकर गेला. घरी सुभद्रा एकटी. तिनं देवासमोर पाट मांडला. विळा धुतला, खुरपं धुतलं, कुदळ, कुऱ्हाड, मोटेचा नाडा, हाराची सुई, पट्टा. सगळ्यांना हळद-कुंकू लावलं, फूल वाहिलं. मग झाडू घेऊन पुढच्या खोलीत गेली आणि घोडीवरच्या तलवारीसमोर उभी राहिली.

'घरातल्या सुईले फूल, नाड्याले फूल,' तिच्या मनात आलं, 'अन् हे परमुलखातली. हिले कोन पुजन?'

दुपारी शालिकराम आला तेव्हा पाटावर सगळ्या हत्यारांच्या मधोमध ती उघडी तलवार निजलेली होती. विहिरीच्या पाण्यानं धुतलेली. पदरानं पुसलेली. पात्यावर सुभद्राच्या बोटांचे ओल्या कुंकवाचे तीन पट्टे, आणि वर सगळ्यात मोठा झेंडू.

शालिकराम पाटाजवळ धावला.

"काय केलं वं हे?"

"काहून? पूजा केली."

"अवं, तो तिले बोट लावत नाही! पुसतानी तोंडात कागद धरते, श्वाससुद्धा पडू देत नाही. म्हनून तं ते लवंगेचं तेल! पानी लागलं तं गंजते ते."

सुभद्रानं पदराचं ओलं टोक पाहिलं. "मले कोनी सांगतलं? मले तं तुमी दात सांगतला होता."

"दात तूच सांगतला होता!"

"मंग उचला. पुसा लवकर."

शालिकरामनं हात पुढं केला आणि तो तसाच राहिला. पुजेतलं हत्यार दसऱ्याच्या सकाळपर्यंत उचलायचं नाही. त्याच्या बापानं कधी उचललं नव्हतं, आजानं नव्हतं. उचललं तर ते वर्षभर बेइमान होतं म्हणत. आणि तलवारीला लागूनच त्याचा पट्टा होता, एकाच पाटावर, एकाच पुजेत. उद्या त्या पट्ट्याखाली गोवर्धनचा हात येणार होता. कदाचित.

दाराशी बूट काढल्याचा आवाज आला. ओकाबे.

तो आत आला, पाटाकडे पाहिलं आणि उभा राहिला.

"साहेब, गलती हो गया," शालिकराम म्हणाला. "घरवाली को मालूम नहीं था. मैं अभी उठाता." आणि त्यानं डोळे मिटून हात पुढं केला.

ओकाबेनं त्याचं मनगट धरलं. "ये क्या है?"

शालिकरामनं मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं. विळा, खुरपं, नाडा. वर्षभर राबलेल्यांना एक दिवस सुट्टी. उद्या सकाळपर्यंत कोणी उचलायचं नाही.

"सब का पूजा? सुई का भी?"

"सुई का भी."

ओकाबेनं वाकून ती सुई पाहिली. मग पाटासमोर गुडघे मोडून बसला आणि रोज वाकायचा तसा वाकला. पण आज तलवारीपाशी थांबला नाही, विळ्याला वाकला, नाड्याला वाकला. "हमारे गाँव में नए साल पर हथियार के सामने चावल रखते हैं," तो म्हणाला. "उस दिन हम भी नहीं उठाते. कल."

सुभद्रा चुलीमागं जाऊन रडली. मग येऊन त्याच्यासमोर पुरणाचं ताट ठेवलं, आणि तो जेवेपर्यंत हलली नाही.

दसऱ्याच्या सकाळी ओकाबेनं तलवार उचलली. तोंडात कागद धरला. मऊ कागदानं कुंकू पुसलं, पांढऱ्या भुकटीची पुरचुंडी पात्यावर टपटप मारली, पुन्हा पुसलं, लवंगेचं तेल लावलं. घर वासानं भरलं. पातं पुन्हा पाण्यासारखं झालं. तीन ठिकाणं सोडून. तिथं सुभद्राची तीन बोटं तपकिरी उमटली होती, रेघा-रेघांसकट.

"चिंच लावू का?" सुभद्रा दारातून म्हणाली. "आमचे तांबे चिंचेनं लख्ख होतात."

"नको वं!" दोघे भाऊ एकदम ओरडले.

ओकाबेनं कागद तोंडातून काढला आणि पहिल्यांदाच मोठ्यानं हसला. ते हसू पाहून शालिकरामला धीर आला. दहा महिने पोटात ठेवलेला प्रश्न त्यानं विचारला.

"साहेब, आप काटते क्यों नहीं?"

ओकाबेनं त्याच्याकडे पाहिलं. मग विहिरीकडे बोट केलं. तिथं एक केळ उभी होती, घड उतरवलेली, तोडायचीच होती.

"अवो, केळीचा डाग जात नाही!" सुभद्रानं हात उडवले. "सांगा त्याले! चीक लागला का काळं पडते!"

शालिकरामनं सांगितलं. ओकाबे म्हणाला, "दाग तो अब है."

तो केळीसमोर उभा राहिला. काहीच नाही, काहीच नाही, आणि पातं बाहेर. केळ तशीच उभी. एका दमाचा वेळ ती स्वतःच्या बुंध्यावर उभी राहिली, मग वरचा भाग तिरका घसरत पानांसकट कोसळला.

"अबब!" गोवर्धन आणि सुभद्रा त्या पडणाऱ्या पानांकडे पाहत होते. कोणीही तिकडंच पाहील. शालिकरामनं मात्र, सवयीनं, माणसाकडं पाहिलं.

ओकाबेनं पडणाऱ्या केळीकडे बघितलंच नाही. त्याचे डोळे उरलेल्या बुंध्यावर होते. टोक बुंध्याकडे, हात तसाच, श्वास तसाच. पानं जमिनीवर पडली. सळसळली. सळसळ थांबली. तेव्हा कुठं त्यानं पातं पुसलं, आणि निजलेलं लेकरू खाली ठेवावं तसं आत ठेवलं.

"साहेब, केळ तो कट गया था. फिर क्या देख रहे थे?"

ओकाबेनं बुंध्याकडे बोट केलं. "कटा, तो काम आधा. अब सामनेवाले का हाथ देखो. अपना हाथ देखो. फिर बंद."

शालिकराम धावेवर जाऊन बसला. मागचा दसरा त्यानं डोळ्यांसमोर पुन्हा उभा केला, आणि या खेपेला लिंबाच्या पुढं गेला. लिंबू कापलं गेलं होतं. स्वच्छ. मग लोक ओरडले. आणि त्यानं, लोकांनी शाबास म्हटलेलं ऐकायला, मान वर केली. पट्टा अजून हातात होता. हात अजून चालत होता. भावाचा तळवा अजून तिथंच होता.

बांधावर सात वेळा बरोबर आलं, कारण बांधावर टाळ्या वाजवायला कोणी नव्हतं.

"गोवर्धन," त्यानं हाक मारली. "वस्तादाले सांगून ये. मी कापतो."

संध्याकाळी मैदान माणसांनी फुललं होतं. आपट्याच्या फांद्या घेतलेले लोक, बायका एका बाजूला, त्यांत सुभद्रा. मागं उंच उभा ओकाबे. हलगी वाजू लागली. शालिकरामनं पट्टा फिरवला, फिरवता फिरवता भावापुढं आला. गोवर्धननं डावा हात पुढं केला. त्या दोन न मिटणाऱ्या बोटांमुळं तळहात नेहमीपेक्षा जास्तच उघडा दिसत होता. त्यावर पिवळं लिंबू.

वार झाला. लिंबाच्या दोन फाका तळव्यावर अलगद कलंडल्या.

मैदान गरजलं. हलगी वेडी झाली. खुशालराव फेटा काढून ओरडत होते. आपट्याची पानं उडाली, शालिकरामच्या खांद्यावर, मानेवर पडली. त्यानं मान वर केली नाही. पट्टा होता तिथं धरून ठेवला, आणि भावाच्या तळहाताकडे पाहत राहिला. जुन्या व्रणाकडे. रसाकडे, जो त्या व्रणातून हळूहळू मनगटाकडे ओघळत होता.

"दादा," गोवर्धन हळूच म्हणाला, "झालं. लोकं टाळ्या वाजवून थकले. पाह्य ना वर."

"हात काढ आदी."

"काढतो. पन पाह्य तरी."

"हात काढ म्हनलं ना."

गोवर्धननं लिंबाच्या फाका तीन बोटांत धरल्या आणि हात छातीशी घेतला. शालिकरामनं पट्ट्याचं टोक हळूहळू जमिनीला टेकवलं. मग आपल्या हाताकडे एकदा पाहिलं.

तेव्हा त्यानं मान वर केली.