सुटलेला कोपरा

कोपरा पुन्हा सुटला—खालचा, डावा. गौतमीने चिकटपट्टी दाताने तोडून तो अंगठ्याने दाबून धरला, आणि अंगठ्याखाली आपलाच गळा आहे हे तिच्या जरा उशिराच लक्षात आलं. पोस्टरवरची ती मात्र हसत होती. अंगात वर्गातल्या रेश्माचा कोट, बाह्या आखूड, छातीशी धरलेली फाइल... आत एकही कागद नसलेली. वर इंग्रजीत ठसठशीत अक्षरांत—तुमची नोकरी तुमची वाट पाहतेय. कुठं पाहतेय? हुबळीच्या लॅमिंग्टन रोडवर, दुर्गदबैलाच्या बाजारात, सगळीकडे पोस्टरं डकवून झाली. कुठं भेटली नाही ती.

उद्या कॉलेजात नोकरी-मेळावा. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची मुलंच स्वयंसेवक, पोस्टरवरचा चेहराही त्यांच्यातलाच एक. टेबलं मांडायची, पोस्टरं लावायची, कंपन्यांना फोन करायचे. मुलाखत द्यायची असेल तर बाकी सगळ्यांच्या झाल्यावर. "वाढप्यांनी शेवटच्या पंगतीला बसायचं हं," शेषगिरी सर म्हणाले होते, आणि सगळे हसले होते. मीही हसले. शेवटच्या पंगतीला काय उरतं हे मला काय ठाऊक नाही?—तळाची आमटी, नि आग्रह करायला कोणी नाही.

सिव्हिलसाठी, म्हणजे तिच्या शाखेसाठी, येणारी कंपनी एकच. तिला आठवणीचा फोन आज सकाळी गौतमीनेच केला. पलीकडचा माणूस गोड बोलला. "साइट लांब आहे मॅडम, मुलगेच पाठवा." आणि ती—"हो सर, नक्की सर." काय नक्की? स्वतःचं नाव स्वतःच्या तोंडाने खोडलं आणि वर धन्यवाद म्हणून फोन ठेवला... बाई गं, किती गुणाची पोर तू!

आणि उभी कुठं होती, तर अमरगोळच्या बाजार आवाराच्या फाटकाशी, जिथं अप्पा, तिचे वडील, हमाली करतात. पोस्टर सगळ्यांत आधी लागलं ते इथंच, गेल्या आठवड्यात. आणि अप्पांनी ते पाहिलं—नुसतं पाहिलं, इंग्रजी त्यांना वाचता येत नाही. हुबळीत भिंतीवर चेहरे कोणाचे लागतात? क्लासवाले पहिल्या आलेल्यांचे लावतात, सरकारी नोकरीत लागलेल्यांचे लावतात. ज्याचं अजून काहीच झालं नाही त्याचा फोटो कोण कशाला छापेल? संध्याकाळी अप्पा पेढे घेऊनच घरी आले. पोरगी लागली! गल्लीभर वाटले. रविवारी विहारात वंदनेनंतर सत्कार करायचंही ठरून गेलं. तेव्हाच सांगायचं होतं—पण अप्पांनी स्वतःच्या हाताने पहिला पेढा तिच्या तोंडात घातला होता, तो गिळेपर्यंत ते शेजारच्या दारात पोचले होते. मग रोज उद्या सांगू, उद्या सांगू... आता उद्याही संपत आला.

"हीच बघ आमची गौतमी," मागून अप्पांचा आवाज. बरोबर विठ्ठल, त्यांच्या टोळीतला.

"जय भीम, अक्का. नोकरी कुठं, बेंगळूरला?"

"अजून... ठरायचं हाय, काका."

"ठरंल की! तू जा रे, गाडी आली बघ," म्हणून अप्पांनी त्याला पिटाळलं. मग खांद्यावरच्या टॉवेलने पोस्टरवरची धूळ पुसली, सुटलेल्या कोपऱ्यावर तळहात ठेवला आणि तिच्याकडे न बघता म्हणाले, "उद्या पहाटं येतो मी कॉलेजात."

"कशाला?"

"रांग असंल की. तुला तिथं काम असणार. मी तुझी जागा धरून उभारतो. नंबर आला की हाक मारतो."

रांग. म्हणजे...

"अप्पा, तुमाला ठाऊक हाय?"

"दुसऱ्या दिवशीच वॉचमननं वाचून दाखीवलं." तळहात तसाच. "पर पेढं वाटून झालं हुतं गं. माघारी कसं घ्यायचं?"

सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. आठवडाभर ज्याची धास्ती घेतली ते आपोआप होऊन गेलं, न रागावता, न रडता. पण तिला एकदम उघड्यावर आल्यासारखं झालं. जगात एक जागा होती जिथं मी नोकरीला लागले होते—अप्पांच्या डोक्यात. तिथं मी सकाळी डबा घेऊन निघत होते, संध्याकाळी दमून येत होते. रात्री त्यांच्या घोरण्याकडे कान देऊन मी तेवढ्याच भरवशावर झोपत होते... आणि तिथून मला दुसऱ्याच दिवशी काढलं होतं, मला न सांगता. आता कुठंच नाही. एकाही माणसाच्या डोक्यात नाही.

रस्त्यापलीकडे रिक्षातून रेश्मा हाका मारत होती. अप्पा कोपरा धरून उभे होते.

"येऊ न्हवं?"

गौतमीने चिकटपट्टी ओढली. पट्टीचं टोक बोटाला चिकटलं, सुटेना. वाढप्यांची रांग नसते, अप्पा...

"या," ती म्हणाली. "लवकर या."