कमरेचा पट्टा

लॉजच्या चादरींची गाठोडी सकाळी मागच्या दारी येऊन पडली, की थोरली सून आधी तोंड फिरवून श्वास घ्यायची आणि मगच गाठ सोडायची. पुढे रस्त्यावर तिच्या नवऱ्याची लाँड्री होती. काचेचं दार, हँगरवर टांगलेले कडक शर्ट, साबणाचा मंद वास. मागच्या, गिऱ्हाइकाला न दिसणाऱ्या खोलीत सिमेंटचा हौद होता. चादरींतून परक्यांचे केस निघायचे, नखांचे तुकडे निघायचे, कधी वाळलेली ओकारी. ते खरवडून, सोड्यात भिजवून, चोळून झालं की ती एकेक चादर उपसायची. कोरडी चादर कुणीही उचलेल. पाणी प्यायलेली चादर उचलणाऱ्याला खाली ओढते. वाकायचं, उचलायचं, तसंच कमरेतून वळायचं आणि टोपलीत टाकायचं. पाठीची वाट लावायला याहून खात्रीची रीत नाही.

घरात धडधाकट पुरुष दोन होते. नवरा दुकानात बसायचा. धाकटा दीर गाडीवरून कपडे पोचवायचा आणि रोज पहाटे वजनं उचलायला व्यायामशाळेत जायचा. हौदात मात्र दोघांनी कधी हात घातला नव्हता. हौद बायकांचा, दुकान पुरुषांचं, अशी या घराची रीत. रीत कुणी घातली हे कुणाला माहीत नव्हतं, आणि विचारावं असं कुणाला वाटलं नव्हतं.

सासू कमरेतून पार वाकली होती. चालताना तिला समोरच्याचे गुडघे दिसायचे. तरुणपणी तिला तिच्या सासूने एक पट्टा दिला होता: जाड कापडाचा, आत पोलादी पट्ट्या, पुढे आकडे. तो तिने थोरलीला दिला, तोही एखादा दागिना द्यावा तसा. दोन बायकांचा घाम पिऊन तो पिवळा-तपकिरी झाला होता आणि त्याला मलमाचा, आंबलेल्या अंगाचा वास यायचा. गावभरची घाण धुणाऱ्या त्या घरात ही एकच वस्तू कधी धुतली जात नसे. "धुतला की सैल पडतो," सासू सांगायची.

एके सकाळी थोरली हौदावर वाकली आणि तिला सरळच होता येईना. ओल्या फरशीवर ती हातापायांवर टेकून राहिली. मोरीच्या जाळीत अडकलेला केसांचा बोळा तिच्या नाकाशी होता आणि मान फिरवण्याचीही सोय नव्हती.

नवरा दारातून म्हणाला, "संध्याकाळपर्यंत द्यायच्यात हं चादरी."

"पट्टा आणखी दोन आकडे आवळ," सासू म्हणाली. "पाठ काय तुला एकटीला आहे?"

आकडे आवळूनही ती उठेना, तेव्हा तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि पट्टा दोन बोटांत धरून बाजूला ठेवला. "आधी विश्रांती. दुखणं जरा उतरलं की नियमित पोहायचं. सारखा पट्टा बांधून पाठीचे स्नायू दुबळे झालेत. पाण्यात शरीराचं ओझं कमी होतं, तिथे ते पुन्हा कामाला लागतील."

नवरा हसला. "दिवसभर पाण्यातच तर असते की ती."

"पाण्यात नसते. पाण्यावर वाकलेली असते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत.

हौदासाठी पगारी बाई ठेवावी लागली, म्हणून तर नवऱ्याने पोहायला परवानगी दिली. बिघडलेली मोटर दुरुस्तीला टाकतात, तशी. शेजारणी म्हणाल्या, "या वयात मासोळी व्हायला निघाली." सासू म्हणाली, "लाज कुठे वाळत घातलीस?"

पोहण्याच्या सार्वजनिक, वर छत असलेल्या तलावावर दुपारी बायकांची वेळ असे. पहिल्या दिवशी क्लोरीनचा वास आला आणि थोरली पायरीवरच थबकली. हा तर हौदातल्या ब्लीचिंग पावडरीचाच वास. ती कठड्याला धरून उभी राहिली, उतरली, छातीभर पाण्यात फक्त चालली. मग फळी धरून पाय मारायला शिकली. एकदा शिकवणाऱ्या बाईने पाठीखाली हात धरला आणि हळूच काढून घेतला, तरी ती बुडाली नाही. ज्या पाण्याने तिला इतकी वर्षं खाली ओढलं, तेच तिला वर धरून होतं.

चमत्कार काही झाला नाही. काही दिवस पाठ पुन्हा धरायची, तेव्हा ती नुसती तरंगून यायची. पण जाणं तिने सोडलं नाही. हळूहळू चपलेचा पट्टा तिचा तिला लावता येऊ लागला. कुशीवर झोप लागू लागली. आणि कमरेचा पट्टा खुंटीवर गेला.

दिराचं लग्न झालं त्याच सुमारास. थोरली ताठ चालते हे एव्हाना नवऱ्याच्या लक्षात आलं होतं.

"बरी झालीस ना? मग उद्यापासून त्या बाईला नको म्हणतो," तो जेवता जेवता म्हणाला. "आता धाकटीही आहे जोडीला. इस्पितळाच्या चादरी घेतोय मी."

थोरलीने हातातला घास ताटात ठेवला. आपण बरं होत होतो ते कशासाठी, हे तिला आता कळलं. बैलाला विसावा देतात तो पुढच्या नांगरटीसाठी.

दुसऱ्या दिवशी इस्पितळाची गाठोडी आली. रक्त, पू, औषधं. नवी सून ओठ घट्ट मिटून हौदाशी उभी राहिली. तेवढ्यात सासू खुंटीवरचा पट्टा घेऊन आली.

"तो इकडे द्या, आई," थोरली म्हणाली.

"तुझा तर सुटला. आता हिला लागेल."

"हिला काय झालंय?"

"अजून काही नाही," सासू शांतपणे म्हणाली. "होईल की."

थोरलीने पट्टा तिच्या हातातून घेतला आणि उकळत्या सोड्याच्या बादलीत सोडला.

"अगं, सैल पडेल तो!"

"पडू दे."

पाणी पिवळं झालं, मग तपकिरी, मग त्यावर तेलकट साय धरली. वासाने नवरा आणि दीर आत आले आणि नाकाला रुमाल लावून उभे राहिले.

"कसला घाण वास हा?" दीर म्हणाला.

"आमच्या पाठींचा," थोरली म्हणाली. "भाऊजी, व्यायामशाळेत एवढी वजनं उचलता, ती कुणासाठी? इथे या, उचला."

"हौद बायकांचा असतो," नवरा म्हणाला.

"मग आजपासून तो रिकामा राहील. मी उचलणार नाही आणि हिलाही उचलू देणार नाही."

धाकटीने खोचलेला पदर सोडला.

गाठोडी तशीच पडली. दुसऱ्या दिवशी त्यांवर माश्या बसल्या. तिसऱ्या दिवशी वास पुढे दुकानात, काचेच्या दारापर्यंत आला आणि गिऱ्हाइकं उंबऱ्यावरूनच परत फिरू लागली. शेवटी दोघे भाऊ हौदाशी गेले. पहिली चादर उलगडताच नवरा मोरीत ओकला. दिराने चार-पाच चादरी उपसल्या आणि कंबर धरून खाली बसला. आठवड्याच्या आत पिळायचं यंत्र आलं आणि उचलायला कप्पी बसली. बायकांच्या पाठी होत्या तोवर हीच यंत्रं महाग होती.

थोरली अजून तलावावर जाते. आता धाकटी सोबत असते, आणि आठवड्यातून एखाद्या दिवशी, खूप कुरकुर करून, सासूही. सासूचा कणा आता सरळ व्हायचा नाही. पाण्यालाही तेवढं साधत नाही. पण पहिल्यांदा दोन्ही सुनांनी तिला खांद्याखाली आणि गुडघ्याखाली धरून अलगद उताणं केलं, तेव्हा कित्येक वर्षांनी तिला समोर जमीन दिसली नाही. वर छत होतं, उंच. ती डोळे बारीक करून बराच वेळ बघत राहिली.

"जळमटं झालीत वर," ती म्हणाली. "कुणी काढत नाही वाटतं."

"असू देत, आई," थोरली म्हणाली. "ती आपण नाही काढायची."